शॉप फ्लोअरवरची परिस्थिती बदलून रिजेक्शन आणि खाडे कमी करण्याची पद्धत

पंधरा ते पन्नास माणसांच्या मशीन शॉपमधून (धातूचे भाग मशीनवर कापून देणाऱ्या कारखान्यातून) माल वेळेवर जाईनासा झाला की मालकाच्या मनात पहिला विचार नव्या मशीनचा येतो आणि दुसरा सुपरवायझर बदलण्याचा. ज्या जागेत, ज्या उजेडात आणि ज्या उकाड्यात माणसे दिवसाचे आठ-नऊ तास काम करतात, तिकडे लक्ष जाते ते बहुधा मोठ्या ग्राहकाचे ऑडिट जवळ आल्यावर. मग चार दिवसांत भिंतींना रंग लागतो, जमिनीवर पिवळे पट्टे ओढले जातात, दर्शनी भागात घोषवाक्ये झळकतात. ऑडिट पार पडते आणि रिजेक्शन, म्हणजे तपासणीत बाद ठरणाऱ्या नगांचे प्रमाण, होते तिथेच राहते, कारण रंगाचा आणि रिजेक्शनचा काही संबंधच नव्हता.

या लेखात सुचवलेली पद्धत एका अटीवर उभी आहे : कामाच्या परिस्थितीत करायचा प्रत्येक बदल आधी मोजलेल्या एखाद्या नुकसानाशी बांधलेला असावा. उदाहरणे एमआयडीसीतल्या लहान मशीन शॉपची घेतली आहेत. पॅकिंग, असेंब्ली किंवा शिवणकामाच्या युनिटलाही थोड्या फरकाने ती लागू पडतील.

अशा बदलांतून धंद्याच्या हाती काय लागते, याचा एक भक्कम पुरावा आपल्या जवळच आहे. २००८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तारापूर आणि उंबरगाव येथील कापड कारखान्यांत एक प्रयोग केला. काही कारखान्यांना अनेक महिने व्यवस्थापन सल्लागारांची मोफत मदत देण्यात आली आणि तुलनेसाठी निवडलेल्या इतर कारखान्यांची केवळ प्राथमिक पाहणी करण्यात आली. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी चित्र सारखेच होते : वाटेत पडलेला कचरा, जागेवर नसलेली हत्यारे, कोणते सूत कुठे आहे याची चिठ्ठी नसलेले ढिगारे आणि दोषांची नोंद असली तरी ती कोणी वाचत नाही अशी स्थिती. साफसफाई, मांडणी, देखभाल, दोषांची रोजची नोंद आणि तिच्यावरची रोजची चर्चा एवढ्याच गोष्टी प्रामुख्याने बदलण्यात आल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. यातले बरेचसे उपाय आपल्या कोणत्याही लघुउद्योजकाच्या आवाक्यातले आहेत.

पहिली पायरी : नुकसान निवडा आणि त्याचे रुपये करा

मशीन शॉपमध्ये परिस्थितीमुळे होणारे नुकसान चार ठिकाणी दिसते : रिजेक्शन आणि रीवर्क (सदोष नग पुन्हा दुरुस्त करणे), मशीन थांबून राहण्याचा वेळ, खाडे आणि सोडून जाणारी माणसे. चारही एकदम हाती घेऊ नयेत. ज्याची नोंद आपल्याकडे आधीपासून आहे आणि ज्याची किंमत सर्वांत जास्त आहे, असे एक निवडावे. नोंद कोणतीच नसेल, तर कोणताही बदल करण्यापूर्वी किमान सहा-आठ आठवडे ती ठेवावी. पुढे जो काही फायदा होईल तो कशाच्या तुलनेत, हे सांगण्यासाठी दुसरा आधार नसतो.

रुपयांचा हिशेब साधा असावा. समजा महिन्याला ४०,००० नग निघतात, रिजेक्शन ३ टक्के आहे, बाद होईपर्यंत एका नगावर ६० रुपये खर्च झालेले असतात आणि भंगारात १० रुपये परत येतात. म्हणजे १,२०० नगांमागे प्रत्येकी ५० रुपये, महिन्याचे ६०,००० रुपये. आता तपासणीच्या टेबलावरचा उजेड आणि बैठक सुधारायला ४०,००० रुपये लागणार असतील आणि त्यामुळे रिजेक्शन ३ वरून अडीच टक्क्यांवर आले, तर महिन्याला १०,००० रुपये वाचतात आणि खर्च चार महिन्यांत निघतो. हा हिशेब कागदावर मांडला की 'कामगारांसाठी किती खर्च करायचा' या वादाला जागा उरत नाही. तो आकडा थेट गुंतवणुकीचा होतो.

रिजेक्शनची नोंद करताना नगाबरोबर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : मशीन, शिफ्ट आणि साधारण वेळ. यातली वेळ फार महत्त्वाची आहे. बाद नग दुपारी दोन ते पाच या वेळात किंवा दुसऱ्या शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत गोळा होत असतील, तर कारण उजेड, उकाडा किंवा थकवा यांत शोधावे. ते दिवसभर सारखे विखुरलेले असतील, तर दोष बहुधा टूल, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा), कच्चा माल किंवा ड्रॉइंगमधल्या टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) आहे आणि पंखे बसवून तो जाणार नाही. मग या लेखातले उपाय तूर्त बाजूला ठेवून प्रोसेसकडे वळलेले बरे.

दुसरी पायरी : मशीनशेजारी उभे राहून पाहणे

ऑफिसच्या काचेतून शॉप फ्लोअर दिसतो, पण काम दिसत नाही. एका मशीनशेजारी सलग एक-दोन तास उभे राहावे आणि ऑपरेटर मशीन सोडून कशासाठी जातो, हे वहीत लिहावे. त्याआधी ऑपरेटरला आणि आजूबाजूच्यांना स्पष्ट सांगावे की पाहणी माणसाची नसून जागेची आहे आणि यावरून कोणाचे टार्गेट वाढणार नाही. हे वचन पाळावे लागते. एकदा मोडले की पुढच्या वेळी माणसे आपल्याला दाखवण्यापुरते काम करतात. स्टॉपवॉच घेऊन उभे राहू नये आणि मोबाइलवर चित्रण तर मुळीच करू नये.

वहीत काय उतरते त्याचा एक नमुना पाहा. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा नग, बदलायचा आहे. ऑपरेटर जॉ (नग पकडणारे जबडे) बदलण्यासाठी ॲलन की शोधतो. ती शेजारच्या मशीनवर सापडते. इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) संपलेला आहे म्हणून तो स्टोअरला जातो, स्टोअरवाला चहाला गेलेला आहे. परत येताना वाटेत उभी असलेली कास्टिंगची (ओतीव नगांची) पॅलेट त्याला वळसा घालायला लावते. पहिला नग निघतो, पण प्लग गेज (भोकाचे माप तपासण्याचे साधन) क्वालिटीच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि तपासनीस पलीकडच्या शेडमध्ये आहे. नग हातात घेऊन ऑपरेटर उभा राहतो आणि शेवटी 'बरोबरच असेल' असे म्हणून मशीनची सायकल चालू करतो. पुढचे वीस-पंचवीस नग बाद झाले, तर रजिस्टरमध्ये कारण लिहिले जाते : ऑपरेटरची चूक.

पाहणीनंतर माणसांशी बोलावे, पण मीटिंग बोलावून नव्हे. सुपरवायझरसमोर कोणी तोंड उघडत नाही आणि उघडले तरी पगाराचाच विषय निघतो. एकेकाला त्याच्या मशीनपाशीच विचारावे : 'दादा, दिवसभरात तुमचं काम सगळ्यात जास्त कशानं अडतं?' हाच प्रश्न हेल्परला, झाडू मारणाऱ्या मावशींना आणि ठेकेदाराच्या माणसांनाही विचारावा. उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेल्यांना त्यांना समजेल त्या भाषेत विचारावे. तेल कुठे सांडते आणि कोणत्या कोपऱ्यात बाद नग गुपचूप टाकले जातात, याची माहिती मावशींइतकी कोणालाच नसते.

तिसरी पायरी : हत्यारे, माल आणि वाटा

सर्वांत कमी पैशात सर्वांत लवकर फळ देणारा बदल मांडणीचा असतो, म्हणून तो पहिला करावा. काम शॉप बंद असलेल्या दिवशी करावे. पुणे परिसरात गुरुवारची सुट्टी त्यासाठी सोयीची पडते.

प्रत्येक मशीनपाशी त्या मशीनला लागणारीच हत्यारे हवीत, हाताच्या अंतरावर, आणि ती जागेवर नाहीत हे लांबून दिसले पाहिजे. पत्र्याच्या किंवा प्लायच्या फलकावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून त्यावर तो अडकवण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. दहा मशीनांमध्ये ॲलन कीचे तीन संच फिरत असतील, तर आणखी सात संच विकत आणावेत. त्यांची किंमत एका थांबलेल्या मशीनच्या काही तासांपेक्षा जास्त नसते. हत्यारे चोरीला जातील या भीतीने सगळे स्टोअरमध्ये कुलूपबंद ठेवणाऱ्या मालकांनी वर्षभरात हरवलेल्या हत्यारांची किंमत आणि स्टोअरच्या खिडकीपाशी गेलेल्या तासांची किंमत एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावी.

चालू जॉबचे गेज मशीनपाशीच असावे आणि त्याची कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) तारीख त्यावर दिसावी. पहिला नग तपासून घेण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागणार नाही, अशी व्यवस्था करावी : ऑपरेटरला स्वतः मोजण्याचे शिक्षण द्यावे किंवा तपासनिसाचे टेबल शॉपच्या मध्यभागी आणावे.

माल जमिनीवर ठेवू नये. कास्टिंग जमिनीवरून उचलताना माणूस दर नगामागे पूर्ण वाकतो, आणि शिफ्टमध्ये तीनशे नग असतील तर तीनशे वेळा वाकतो. दुपारनंतर त्याचा वेग कमी होतो, त्याला आळस म्हणता येत नाही. क्रेट कंबरेच्या उंचीवर येईल असा अँगलचा स्टँड कोणताही फॅब्रिकेटर करून देतो. कामाच्या टेबलाची उंचीही अशीच पाहावी : साधारण हातकाम कोपराच्या पातळीला, बारीक तपासणी त्याहून थोडी वर, जोर लावायचे काम त्याहून खाली. चार वेगवेगळ्या उंचीची माणसे एकाच टेबलावर काम करत असतील, तर टेबल उंच माणसासाठी बनवावे आणि ठेंगण्यांना पायाखाली लाकडी फळी द्यावी. उलटे करता येत नाही.

चांगला नग, बाद नग आणि रीवर्कचा नग यांचे क्रेट रंगाने वेगळे असावेत आणि बाद नगांच्या लाल पेटीला कुलूप असावे. हे सगळे जण सांगतात. सांगायचे राहते ते असे की बाद नग दाखवणाऱ्याला ओरडा मिळत असेल, तर लाल पेटी कायम रिकामीच दिसेल.

चौथी पायरी : उजेड

सर्वसाधारण मशीनकामाला कामाच्या पृष्ठभागावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) आणि बारीक तपासणीला ७५० ते १,००० लक्स उजेड असावा, हा व्यवहारात चालणारा ठोकताळा आहे. लक्स मीटर महाग नसतो. मोबाइलवरचे ॲप अचूक नसले तरी दोन जागांची तुलना करण्यापुरते चालते. मोजमाप छताखाली उभे राहून न घेता टूल जिथे जॉबला लागते आणि व्हर्नियर (माप घेण्याचे साधन) जिथे वाचला जातो तिथे घ्यावे, आणि तेही सूर्य मावळल्यावर. दिवसा चांगला वाटणारा शॉप दुसऱ्या शिफ्टला कसा दिसतो, हे अनेक मालकांनी पाहिलेलेच नसते.

दिवा जितका वर, तितका उजेड वेगाने घटतो : एका लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की खाली पोहोचणारा उजेड चौथाईवर येतो. म्हणून वीस फुटांवर मोठे दिवे वाढवत बसण्यापेक्षा मशीनवर आणि तपासणीच्या टेबलावर जवळचा वळवता येणारा दिवा लावणे स्वस्त पडते. तपासणीसाठी दिव्याची दिशाही ठरवावी लागते. चकाकत्या पृष्ठभागावरचा ओरखडा समोरून पडणाऱ्या झगझगीत उजेडात लपतो आणि तिरप्या उजेडात उठून दिसतो. टेबलाचा पृष्ठभाग राखी किंवा फिका, चमक नसलेला असावा.

एक धोका लक्षात ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूब आणि काही हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण विशिष्ट वेगाने फिरणारा चक (नग धरून फिरवणारा भाग) त्या उजेडात थांबल्यासारखा किंवा हळू फिरत असल्यासारखा भासू शकतो. फिरत्या मशीनवर न लुकलुकणारे दिवे घ्यावेत आणि छतावरचे दिवे तिन्ही फेजवर वाटून द्यावेत.

छतात जागोजागी पारदर्शक पत्रे बसवले की दिवसाची वीज वाचते, पण त्यांतून ऊनही येते. ते उत्तर बाजूच्या उतारावर घ्यावेत आणि वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यानंतर, धुऊन घ्यावेत.

पाचवी पायरी : उकाडा

महाराष्ट्रातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्च ते जून या काळात सर्वांत मोठे नुकसान उष्णतेचे असते आणि त्याची नोंद मात्र कुठेच नसते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांचा भारतीय कारखान्यांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण दिवसांत कामगारांचे उत्पादन घटते आणि खाडे वाढतात, असे त्यात दिसून आले. त्यातला लघुउद्योजकांच्या उपयोगाचा बारकावा असा की जिथे कारखाना थंड केला होता तिथे उत्पादनातली घट थांबली, पण खाडे थांबले नाहीत, बहुधा कारखान्याबाहेर माणसांना उकाडा सोसावाच लागत होता म्हणून. तेव्हा कूलर बसवून हजेरी सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी वेळापत्रकाकडे वळावे लागेल, ते पुढे येईल.

मशीन शॉपला उष्णता आणखी एका वाटेने महागात पडते. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानलेले आहे. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी नग ४० अंशांवर असेल, तर तो सुमारे ०.०२४ मिलिमीटरने फुगलेला असतो. ॲल्युमिनियमचा जवळपास त्याच्या दुप्पट. टॉलरन्स वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर मशीनवरून उतरवलेला गरम नग लगेच मोजणे म्हणजे वाद ओढवून घेणे आहे. आपल्याकडे 'ओके' झालेला माल ग्राहकाच्या वातानुकूलित तपासणी खोलीत नापास होतो, त्याची अनेक कारणे असली तरी हे एक नक्की तपासावे. नग थंड होण्यासाठी जाळीचा रॅक, गेज आणि नग एकाच जागी काही वेळ ठेवण्याची शिस्त आणि शक्य असल्यास तपासणीसाठी एक छोटी वातानुकूलित खोली, हा उपाय संपूर्ण शेड थंड करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

शेडसाठी उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उष्णता आत येऊ न देणे, मग आत तयार होणारी बाहेर काढणे, आणि त्यानंतर वारा. पत्र्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग देणे ही पहिली गोष्ट. तो धूळ बसून मळतो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत धुण्याचा खर्च धरूनच अंदाजपत्रक करावे. छत जुन्या सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांचे असेल, तर त्याला कोरड्या स्थितीत भोके पाडू नयेत, ते घासू नये किंवा फोडू नये. त्याचे तंतू फुप्फुसात जाणे घातक असते. दुसरी गोष्ट गरम हवेला वर वाट देणे : छताच्या शिखरावर वारा बाहेर काढणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवावेत, पण खालून हवा आत यायला तेवढ्याच जागा नसतील तर ते नुसते फिरत राहतात. कंप्रेसर, भट्टी किंवा वॉशिंग मशीन आत असेल, तर ते भिंतीपलीकडे छपराखाली हलवावे. जुने दिवे बदलून एलईडी लावणे हाही उष्णतेचाच उपाय आहे. अच्युत अध्वर्यू आणि सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत असे पाहिले की एलईडी लावल्यावर आतली उष्णता कमी झाली आणि गरम दिवसांत होणारी उत्पादनाची घट बरीचशी भरून निघाली. विजेची बचत वेगळीच.

पाण्यावर चालणारे डक्ट कूलर जालना, नागपूर, सोलापूर अशा कोरड्या हवेत उत्तम काम करतात. ठाणे, वसई किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत ते फारसे गारवा देत नाहीत. शिवाय मशीन केलेल्या पोलादी नगांवर त्या ओलाव्याने गंज चढतो, तेव्हा कूलर घेण्याआधी माल कुठे ठेवला जातो ते पाहावे. अशा ठिकाणी मोठे पंखे आणि हवेची मोकळी ये-जा यांवर पैसे घालावेत.

सहावी पायरी : आवाज, जमीन, उभे राहणे

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे आणि मोजून घ्यावा. कानाची इजा हळूहळू होते आणि भरून येत नाही. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर चुकीचे ऐकलेला जॉब नंबर किंवा ऐकू न आलेली टूल तुटल्याची कचकच हे रोजचे नुकसान आहे. सर्वांत सोपी सुधारणा कॉम्प्रेस्ड हवेच्या पाइपची असते : गळती बंद करणे आणि उघड्या नळीऐवजी कमी आवाजाचा नोझल लावणे. यात वीजही वाचते. कानातले बूच हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

कुलंट (कापताना टूल थंड ठेवणारे द्रव) सांडते तिथे भुसा टाकत राहण्यापेक्षा गळती कुठून होते ते शोधावे. दिवसभर उभे राहणाऱ्यांना पायाखाली रबरी मॅट आणि सायकल चालू असताना टेकायला उंच स्टूल द्यावे. माणूस बसलेला दिसला की काम चालू नाही असे मानणाऱ्या सुपरवायझरची समजूत आधी घालावी लागते. बसता येण्यासारख्या कामात बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही म्हटले होते.

सातवी पायरी : पाणी, शौचालय, डबा

हा भाग अंदाजपत्रकात शेवटी येतो, आणि माणसे सोडून जाण्याच्या कारणांत बरेचदा सर्वांत वर असतो. थंड आणि स्वच्छ पाणी कोणत्याही मशीनपासून एक-दोन मिनिटांच्या अंतरावर असावे. फिल्टर शेवटचा कधी बदलला ती तारीख त्यावर लिहिलेली असावी.

स्त्रियांचे स्वतंत्र शौचालय नावापुरते असून चालत नाही. त्याची किल्ली सुपरवायझरकडे मागावी लागत असेल, दाराला आतून कडी नसेल किंवा पाणी नसेल, तर असेंब्ली आणि पॅकिंगवरच्या स्त्रिया दिवसभर पाणी पिणेच टाळतात. मग उन्हाळ्यात दुपारी डोके दुखते, चक्कर येते, पुढे मूत्रमार्गाचे विकार होतात आणि रजिस्टरमध्ये फक्त 'गैरहजर' लिहिले जाते. कडी, दिवा, पाण्याची टाकी, कचऱ्याची झाकणाची पेटी आणि दिवसातून दोनदा सफाई, एवढ्याला लागणारा महिन्याचा खर्च एका कुशल बाईने काम सोडल्यावर नवीन माणूस तयार करण्याच्या खर्चापेक्षा कमी असतो.

डबा खायला मशीनपासून वेगळी जागा हवी. कुलंट आणि ग्रीस लागलेल्या हातांनी जेवण होऊ नये म्हणून शेजारी साबण आणि बेसिन हवे.

आठवी पायरी : वेळ आणि पैसा

कामाची परिस्थिती म्हणताना भिंतींच्या आतल्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, पण वेळापत्रक आणि पगाराची तारीख हीसुद्धा परिस्थितीच आहे आणि खाड्यांवर तिचा परिणाम पंख्यांपेक्षा जास्त होतो.

खाड्यांचे रजिस्टर तारखांप्रमाणे मांडून पाहावे. पगारानंतरचे दोन दिवस, गणपती, दिवाळी, छठ, मृगाच्या पेरण्या, गावची जत्रा या काळात खाडे वाढतात, हे सर्वांना माहीत असते. तरीही उत्पादनाचे वेळापत्रक असे काही घडणारच नाही असे धरून आखले जाते. त्याऐवजी दोन महिने आधी प्रत्येकाकडून सुट्टीची तारीख लेखी घ्यावी, शक्य तितक्यांना मंजूर करावी आणि उरलेल्या माणसांवर माल आखावा. सांगून घेतलेली रजा आणि न सांगता मारलेली दांडी यांत ग्राहकाच्या डिस्पॅचच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पगार ७ तारखेच्या आत आणि ठरलेल्या दिवशीच व्हावा. ओव्हरटाइमचा दर कायद्याप्रमाणे दुप्पट द्यावा आणि त्याचा हिशेब माणसाला स्वतः तपासता यावा. रोज बारा तास काम करून घेणाऱ्या शॉपमध्ये शेवटच्या तासांतले रिजेक्शन वेगळे काढून पाहावे. ते दिवसाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त निघाले, तर ओव्हरटाइमचा दुप्पट पगार देऊन भंगार तयार होत आहे. उन्हाळ्यात पहिली शिफ्ट तासभर आधी सुरू करणे आणि दुपारी दहा मिनिटांची एक जादा विश्रांती देणे, हा बिनखर्चाचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मात्र सकाळच्या बस आणि शेअर रिक्षा त्या वेळी मिळतात का, हे आधी विचारावे.

नववी पायरी : बदल एकेक करा आणि तुलना ठेवा

एका महिन्यात दिवे, पंखे, मांडणी आणि शिफ्ट सगळे बदलले आणि रिजेक्शन कमी झाले, तर कशामुळे ते कळत नाही आणि पुढच्या शेडमध्ये सगळेच पुन्हा करावे लागते. शक्य असेल तिथे बदल अर्ध्या मशीनांवर करावा आणि उरलेल्या अर्ध्या तशाच ठेवून सहा-आठ आठवडे दोन्हींची तुलना करावी. एप्रिलची तुलना जुलैशी करू नये. पावसाने जे साधले त्याचे श्रेय पंख्याला मिळते. जॉब बदलला असेल, तर त्याच जॉबच्या मागच्या लॉटशी तुलना करावी.

या बाबतीत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या, १९२४ ते १९३२ या काळातल्या प्रयोगांची आठवण नेहमी काढली जाते. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढले आणि कमी केला तरी वाढले, म्हणजे माणसाकडे कोणी लक्ष देते एवढेच पुरेसे असते, असा त्याचा सोपा अर्थ अनेक वर्षे सांगितला गेला. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासल्यावर तो परिणाम सांगितला जातो तेवढा मोठा नव्हता, असे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. आपल्यासाठी यातून घ्यायची काळजी व्यावहारिक आहे : बदलाच्या पहिल्या दोन आठवड्यांतला उत्साह आकड्यांतून वगळावा आणि तिसऱ्या आठवड्यापासून मोजावे. आणि जो बदल निष्फळ ठरला तो मोकळेपणाने मागे घ्यावा. बंद पडलेला फलक भिंतीवर तसाच राहिला, तर पुढच्या बदलालाही माणसे त्याच नजरेने पाहतात.

दहावी पायरी : बसलेली घडी टिकवणे

तारापूरच्या कारखान्यांत संशोधक काही वर्षांनी परत गेले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटलेल्या आढळल्या, जरी ते कारखाने तुलनेतल्या इतरांच्या अजून पुढे होते. मॅनेजर बदलणे आणि मालकाचे लक्ष दुसरीकडे वळणे ही सुटण्याची ठळक कारणे होती. लहान शॉपमध्ये हे आणखी वेगाने होते, कारण सगळे एकाच माणसाच्या डोक्यात असते.

म्हणून प्रत्येक बदलाला एक नाव जोडावे, आणि ते शक्यतो सुपरवायझरचे नसावे. हत्यारांच्या फलकाची जबाबदारी त्या मशीनच्या ऑपरेटरची, लाल पेटीची तपासनिसाची, पाण्याच्या फिल्टरची स्टोअरवाल्याची. रोज शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टच्या माणसांनी दहा मिनिटे मशीनपाशी एकत्र उभे राहून कालचे बाद नग हातात घेऊन पाहावेत; त्या वेळेचा पगार द्यावा, नाहीतर आठवड्यात ही प्रथा बंद पडते. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः दुसऱ्या शिफ्टला, न सांगता, लक्स मीटर आणि थर्मामीटर घेऊन फेरी मारावी आणि आकडे पहिल्या पायरीतल्या नोंदींच्या वहीत लिहावेत. माणसांची संख्या वाढत असेल, तर कायद्याने लागू होणाऱ्या तरतुदी बदलतात. आधीच्या अधिनियमात दरडोई किमान १४.२ घनमीटर जागा, आणि तीही जमिनीपासून ४.२ मीटर उंचीपर्यंतचीच धरून, अशा अटी होत्या. नव्या श्रम संहितांनुसार आपल्याला आज नेमके काय लागू आहे, हे सल्लागाराकडून लेखी घेऊन त्याच वहीला जोडावे.

वाचलेल्या पैशातला काही भाग, आधी जाहीर केलेल्या प्रमाणात, त्या मशीनवरच्या माणसांना त्याच महिन्याच्या पगारात वेगळ्या ओळीने द्यावा. प्रमाण लहान असले तरी चालते. मात्र ते मध्येच बदलू नये आणि रिजेक्शन पुन्हा वाढलेल्या महिन्यात पगारातून कापून घेऊ नये, कारण तसे एकदा झाले की दुसऱ्या दिवसापासून बाद नग लाल पेटीत येणे थांबते.